पहिल्या घासाची गोळी

जयवंताबाईंना मरणाची भीती नव्हती, सुईची होती. त्यांची थोरली बहीण इन्शुलिनवर गेली आणि वर्षभरात वारली. तेव्हापासून सुई लागली की माणूस आटोपलं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि चौक गावच्या डॉक्टरांनी तर गेल्या खेपेला स्पष्टच सांगितलेलं, "साखर उतरली नाही तर इंजेक्शन."

म्हणून बाई अगदी नेमाने वागत होत्या. भातातली साखर रक्तात हळूहळू उतरावी म्हणून दिलेली गोळी एकदाही चुकली नव्हती. आधी भाजी, मग भात, हेही पाठ होतं. शिवाय मुलाने, स्वप्नीलने, ऑनलाइन मागवलेल्या राजम्याच्या अर्काच्या कॅप्सूल होत्याच. त्या घेतल्या की भात बाधतच नाही म्हणे! एवढं करून साखर जागची हलली नाही. आज दवाखान्यात सून सुप्रिया नवा रिपोर्ट घेऊन शेजारी बसली होती.

डॉक्टरांनी कॅप्सूलची बाटली बाजूला सारली.

"गोळीने पोट गुडगुडतं का?"

"नाय ओ, काय तरास नाय," बाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या.

"गोळी भातावर काम करत असली तर थोडं तरी गुडगुडायला हवं. घेता कधी?"

"पानं वाढली का लगेच."

"आणि तुम्ही जेवता कधी?"

बाईंना प्रश्नच कळेना. "मी? आधी यांचं व्हतं. मग पोरगा रसायनीच्या कंपनीतनं येतो, त्याचं नि हिचं व्हतं. मग मी."

"म्हणजे तासाभराने. आणि भाजी?"

"ती कुठली उरते? भात नि कालवण असतं."

सुप्रियाने मान खाली घातली.

"गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यायची," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घासाबरोबर. घरधन्याच्या नाही. महिनाभर तसं करा, मग इंजेक्शनचं बघू."

घरी नवऱ्याने, मालोजींनी, सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी स्वतःच बायकोचं ताट मांडलं. "बस गं आधी," एवढंच म्हणाले आणि परक्याच्या घरी आल्यासारखे दाराशी उभे राहिले. बाई अर्ध्या मांडीवर टेकल्या, दोनदा उठायला गेल्या. सुप्रियाने खांदा दाबून बसवलं आणि आधी माठाची भाजी वाढली.

महिन्याने साखर चांगलीच उतरली. सुई नको, असं डॉक्टर म्हणाले आणि बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"आता जेवण नीट जातं ना?"

"जातं तर. पण डॉक्टर, पयल्या दिवशी बोटं भाजली माझी." बाई लाजून हसल्या. "लगीन झाल्यापासनं त्या घरात मीच रांधते. पण खाताना भात गरम असतो, ह्ये मला ठावंच नव्हतं."