मिस्सेला जाऊन येते

माद्रिदच्या स्टुडिओत एउलालिया दुसऱ्यांच्या तोंडी आपला आवाज घालत असे. या वेळची नटी दिसायला देखणी, पण बोलायला लागली की भांडं आपटल्यासारखी. तेव्हा ओठ तिचे आणि आवाज एउलालियाचा. सिनेमा तीनशे वर्षं जुन्या, नावाजलेल्या नाटकावरचा. बापानं कोंडलेली मुलगी शेवटी दार उघडते, "मी चालले, परत यायची नाही," म्हणते आणि निघून जाते. हे वाक्य म्हणायला एउलालिया आसुसली होती.

हुकूमशाहीचे दिवस; सिनेमे तपासणाऱ्या सेन्सॉरच्या पाद्रीबुवांना ते खपलं नाही.

"शेवटी तिची पाठच दिसते, ओठ दिसत नाहीत," डबिंगचे दिग्दर्शक अन्सेल्मो म्हणाले. "म्हणून बुवांनीच नवं वाक्य दिलंय. म्हण, 'बाबा, मिस्सेला जाऊन येते.' चर्चमधल्या प्रार्थनेला निघालेल्या पोरीला कोण नावं ठेवणार?"

"तीनशे वर्षं पोरगी घर सोडून जातेय, साहेब."

"आता जाऊन येईल. म्हण बाई, मला जेवायचंय."

तिनं म्हटलं. इतकं गोड, की अन्सेल्मोंनाही खरं वाटलं.

खाली नवरा फर्मिन न्यायला उभा होता. नवऱ्याच्या संमतीवाचून बायकोनं नोकरी करायची नाही असा कायदा, आणि त्यानं संमती काढून घेतली होती.

"बास झाली ही थेरं," तो म्हणाला. "उद्यापासून घर सांभाळ."

घराची किल्ली त्याच्याच खिशात असे. भिंती अंगावर यायच्या. रविवारी तिनं दोन ब्लाउज एकावर एक चढवले, वर कोट घातला, डोक्यावर चर्चला जाताना घ्यायची काळी जाळी घेतली.

"अहो, मिस्सेला जाऊन येते." आवाज तोच, स्टुडिओतला.

फर्मिननं दार उघडून दिलं. "लवकर ये. आई जेवायला येतेय."

कोपऱ्यावर येऊन ती थांबली. बहिणीकडे जावं, तर मेहुणा स्वतः परत आणून सोडेल. खानावळीत खोली मागावी, तर आधी विचारतील, नवरा कुठाय. सिनेमातल्या पोरीचं बरं होतं, दाराबाहेर पाऊल पडलं की 'समाप्त'. पुढे कुठं जायचं ते ना नाटककारानं लिहिलं होतं, ना बुवांनी. एउलालियाला त्या सगळ्यांचा संताप आला.

चर्चची घंटा झाली. उघडं दार तेवढं एकच होतं. ती आत जाऊन गुडघे टेकून बसली आणि मिस्सा संपेपर्यंत रडली.

घामानं भिजलेले दोन्ही ब्लाउज अंगावर घेऊन ती परतली.

"झाली मिस्सा?" किल्ली फिरवत फर्मिननं विचारलं.

"झाली," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.