नोंदीत नसलेला मीटर

मी गॅसचा मीटर बोलतोय. आधी एक सांगून टाकतो, चूक मास्तरांची. त्यांच्याखालोखाल सासऱ्यांची. माझी नाही, आणि सूनबाईची तर अजिबात नाही. दोघे म्हातारे मात्र शेवटपर्यंत एकमेकांना ‘सज्जन माणूस’ म्हणत राहिले, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

मी कारखान्यात जन्मलो. करड्या पत्र्याचं अंग, छातीवर काच, काचेआड फिरणारे आकडे आणि खाली ठोकलेला माझा नंबर. त्यातले शेवटचे तीन आकडे नऊशे सात. आमच्यात नाव नसतं, नंबर असतो. तो कंपनीच्या नोंदीत असेल तर तुम्ही मीटर, नाहीतर पत्र्याचा डबा.

पहिली सात वर्षं मी मास्तरांच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात होतो. बाई एकटी, दिवसातून पाच वेळा चहा. ती वारली, घर पाडायचं ठरलं, गॅस बंद झाला. कंपनीने माझा नंबर नोंदीतून काढून टाकला, पण मला न्यायला कोणी आलंच नाही. मास्तरांनी मला जुन्या टॉवेलात गुंडाळून आपल्या घरी आणलं. मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या घरात मोडकी छत्रीसुद्धा टाकत नसत.

वर्षभराने त्यांच्या स्वतःच्या मीटरचे आकडे अडकले. तक्रार करायला कंपनीच्या कचेरीत जायला हवं होतं. पण तिथल्या खिडकीत त्यांचा एक विद्यार्थी बसायचा. त्याला मास्तरांनी भर वर्गात सांगितलं होतं, तुझ्या हातून आयुष्यात काही होणार नाही.

“त्या कार्ट्यापुढे मी रांगेत उभा राहू?” मास्तर बायकोला म्हणाले.

“मग फोन करा.”

“आणि फोन त्यानेच उचलला तर?”

बायकोने हात जोडले आणि कणीक मळायला घेतली.

शेवटी ओळखीचा प्लंबर आला. त्याने मास्तरांचा मीटर काढून तिथे मला बसवलं. दर महिन्याला माझे जेवढे युनिट वाढत, तेवढे मास्तर जुन्या मीटरच्या आकड्यात मिळवत आणि ती बेरीज कंपनीला कळवत. तपासायला माणूस आला तर दारातूनच आकडा सांगत. मास्तरांच्या शब्दावर शंका कोण घेणार? चार वर्षं हे चाललं. एका युनिटचीही चोरी केली नाही, असं ते स्वतःलाच ऐकवत. चोर परवडला, तो निदान स्वतःला साधू समजत नाही.

मग मास्तरांनी घर विकलं आणि नवी माणसं आली. सूनबाईने ते पाइपच्या गॅससाठी घेतलं, म्हणजे थोडंफार माझ्यासाठीच. ती घरी पाव भाजायची. तिला नुकतंच एका हॉस्पिटलच्या कँटीनचं काम मिळालं होतं, रोज सकाळी सातला दोनशे पाव. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात ती आणि सासरे.

चाव्या मिळाल्या त्या दिवशी ती जुनं बिल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, बिलावरच्या मीटर नंबरात शेवटी चारशे अठरा आहे, मीटरवर नऊशे सात. सरांना विचारते.”

सासऱ्यांनी बिल काढून घेतलं आणि त्याची घडी घातली. “अगं, पस्तीस वर्षं मुलं घडवली त्यांनी. त्यांची काय पोलिसासारखी चौकशी करतेस? बरं दिसतं का ते?”

मास्तर बाहेरच्या खोलीत बसले होते. दहा पावलांवर. तिने विचारायचं सोडून दिलं.

पंधरा दिवसांनी गॅस तिच्या नावावर करायला कंपनीचा तपासनीस आला. त्याने माझा नंबर मोबाइलमध्ये घातला. पुसून पुन्हा घातला.

“ताई, हा मीटर आमच्याकडे नाहीच.”

मग त्याने माझ्या जोडाला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा फुगला, म्हणजे गळती. त्याने कॉक फिरवला आणि सील ठोकलं. ओव्हनमध्ये साठ पाव अर्धेकच्चे राहिले.

गॅस परत सुरू व्हायला एकच गोष्ट हवी होती, मीटर कोणी बदलला त्याचा लेखी जबाब. सूनबाईने ओट्यावर फोन ठेवून स्पीकर लावला.

“सर, मीटर तुम्ही बदललात एवढंच लिहून द्या. बाकी काही नको.”

“मी? मी काय प्लंबर आहे? तुम्ही राहायला आल्यावर काय उद्योग केलेत, मला काय माहीत!”

सासरे लगबगीने फोनवर वाकले. “सर, पोर आहे, बोलून गेली. मनावर घेऊ नका.”

तिने फोन बंद केला. “खोटं ते बोलले बाबा, आणि माफी तुम्ही मागितलीत?”

“मोठ्या माणसांना असं कोंडीत पकडू नये.”

“मला पकडलेलं चालतं?”

सासऱ्यांनी चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

त्यानंतर ते दर दोन दिवसांनी मास्तरांकडे जात, चहा पिऊन परत येत आणि म्हणत, “आज विषय काढण्यासारखी वेळ नव्हती.” इकडे सूनबाई कँटीनला रोज फोन करून उद्याचा वायदा करत होती.

एक दिवस ती चिडून घर आवरायला लागली, आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर रद्दीमागे तिला जुना मीटर सापडला. नंबराचे शेवटचे आकडे चारशे अठरा. तो पिशवीत घालून ती थेट कचेरीत गेली. दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी स्वतः आला. आता तो तिथला साहेब होता. त्याने दोन्ही मीटर पाहिले आणि खुर्चीवर टेकला.

“सर एकदा आले असते,” तो म्हणाला, “तर मी उठून उभा राहिलो असतो.”

त्याने अहवालात ‘पूर्वीच्या मालकाने बदलला’ असं लिहिलं. मास्तरांना साधं पत्रसुद्धा पाठवलं नाही. त्यालाही धीर झाला नसावा. मग नवा मीटर लागला आणि मी निघालो.

आता मी कंपनीच्या गोदामात आहे. अंगावर खडूने फुली मारलेली आहे. घर घेत असाल तर मीटरवरचा नंबर वाचा, बिलावरचा वाचा, आणि जुळला नाही तर तिथल्या तिथे विचारा. वडीलधारे रागावतील. रागावू देत.

गॅस सत्तावीस दिवस बंद होता. कँटीनने दुसरा पाववाला धरला, सूनबाईला ते काम परत मिळालं नाही. मी अजून दहा वर्षं सहज चाललो असतो. सोमवारी मला तोडणार आहेत.