दोन मिलिलिटर थुंकी

अब्दुल गफ्फार यांनी बावीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन पातूरच्या बहुतेक भिंतींवर आपलं मत नोंदवून ठेवलं होतं. त्याच माणसाच्या तोंडातून आज दोन मिलिलिटर थुंकी निघत नव्हती.

तोंडाच्या तपासणीचं शिबिर अकोल्याच्या एका शाळेत होतं. पाचवीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन गफ्फारभाई बसले होते. हातात प्लास्टिकची नळी, नळीवर निळी रेघ. रेघेपर्यंत भरायचं, फेस धरायचा नाही. अमरावतीच्या प्रयोगशाळेतून आलेली आचल घड्याळ बघत होती. साडेतीन. नमुन्यांची गाडी चारला निघणार होती. शेतकऱ्यांचा संप चालू होता, पाचनंतर मूर्तिजापूरला रस्ता अडवणार अशी बातमी होती, आणि बर्फाचा पांढरा डबा दिसला की लोक दुधाचा समजून तो रस्त्यावर ओततील, याबद्दल ड्रायव्हरच्या मनात शंका नव्हती. पुढचं शिबिर दिवाळीनंतर.

गफ्फारभाईंच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासू म्हटलं, तेव्हा ते टेबलावरून उतरून थेट घरी आले. चाकू लागला की रोग पसरतो, असं त्यांना एका हार्डवेअरवाल्यानं आणि एका एसटी कंडक्टरनं स्वतंत्रपणे सांगितलं होतं. मग त्यांच्या बायकोनं, अकीलानं, हे शिबिर शोधून काढलं. थुंकीत गालाच्या पेशींमधल्या जनुकांचे तुकडे उतरतात. कॅन्सरचे बदल झाले असतील तर यंत्राला दिसतात. सुई नाही, चाकू नाही. यात खराबी निघाली तर मात्र मुकाट्यानं तुकडा काढू द्यायचा, एवढं तिनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. रमजान होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि पहाटेपासून पाण्याचा घोट नाही.

"निघते का बे?" रामरावनं विचारलं. गफ्फारभाई फवारणीचे पंप दुरुस्त करत, आणि रामराव त्यांचं जुनं गिऱ्हाईक. बियाणं घ्यायला आला होता. संपामुळे दुकान बंद म्हणून दोस्तासोबत बसला होता.

"मोटर फिरून राहिली. विहिरीत पाणीच नाही."

रामराव बाहेर गेला आणि हातगाडीवरून कैरी चिरून, वर तिखट-मीठ टाकून घेऊन आला. "माह्याकडे पाह्य," म्हणाला, आणि मचमच आवाज करत खाऊ लागला. आचलनं तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं. रांगेतल्या दोन बायांनी तोंडाला पदर लावला. गफ्फारभाईंच्या नळीत चार थेंब पडले.

"रामराव, हे तू माह्यासाठी खाऊन राहिला का तुह्यासाठी?"

"दोस्तीसाठी."

पावणेचार. नळी अर्धीही नव्हती.

"काका, एवढ्यात होत नाही," आचल म्हणाली. "पाणी पिऊन दहा मिनिटं थांबा, मग चालते. पण आत्ता प्यावं लागन."

"बिमाराले रोजा माफ हाय," बाकाशी उभी असलेली अकीला म्हणाली.

"मी बिमार हाय का?"

"अन् तो चट्टा?"

"ते ठरवाचं काम त्या मशीनचं. रिपोर्ट येईपर्यंत मी चांगला माणूस. चांगल्या माणसानं रोजा काहून तोडाचा?"

रिपोर्टशिवाय आजार नाही, आजाराशिवाय पाणी नाही, पाण्याशिवाय रिपोर्ट नाही. कोर्टात हा खटला वीस वर्षं सहज चालला असता.

अकीलानं माठातून पेला भरून बाकावर ठेवला. गफ्फारभाई पेल्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ठीक हाय. या रोज्याचा फिदया देऊन टाक."

अकीलानं पेल्यावर हात ठेवला.

"फिदया म्हंजे?" रामरावची कैरी तोंडातच राहिली.

तिनं उत्तर रामरावला दिलं, पण बघत होती नवऱ्याकडे. "बरा होणारा माणूस सुटलेला रोजा मागून सोता ठेवते, भाऊ. त्याले कजा म्हन्तात. ज्याची बरं व्हाची आस नाही, त्याच्या बदल्यात गरिबाले जेऊ घालतात. तो फिदया."

बाहेर ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

"एका माणसाचं जेवण मले जड नाही," अकीला म्हणाली. "पण फिदया मी देत नाही. तुमी कजा ठेवसान. ईद झाली का पयल्या सोमवारी. कबूल असन तर पाणी प्या. नसन तर ती नळी द्या पोरीले अन् चला घरी."

गफ्फारभाईंचा जबडा हलला, थांबला. आचल कुणी न सांगता ड्रायव्हरला थांबवायला बाहेर पळाली.

"सोमवारी जमत नाही," शेवटी ते म्हणाले.

"काहून?"

"रामरावचे दोन पंप खोलून ठेवले हायेत. बुधवारी ठेवतो."

अकीलानं पेल्यावरचा हात काढला.

दोन बोटं उघडणाऱ्या तोंडातून ते पाणी प्यायले. थोडं पोटात गेलं, थोडं दाढीत. दहा मिनिटं ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. मग गफ्फारभाईंनी नळी उचलली, खिडकीकडे तोंड केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा थेंबभरही बाहेर न सांडता थुंकायला लागले.