हौशा बैलाची दोन पानं

खडीच्या कामावर दुपारच्या सुट्टीत रोज भांडण व्हायचं ते सावलीवरनं. बाया साठ-सत्तर आणि झाड एकच, तेही बाभळीचं. पण गेले पाच दिवस भांडणाचं कारण बदललं होतं. लंकाबाईच्या जवळ कुणी बसायचं, यावरनं आता तोंडं वाजायची.

"ए, सरक की तिकडं! सगळं तूच ऐकतीस व्हय?"

"आगं, एका कानानं कमी ऐकू येतं मला. बसू दे म्होरं."

"भांडताना बरं समदं ऐकू येतं तुला!"

लंकाबाई म्हणजे कामावर पाळण्यातली पोरं सांभाळणारी बाई. सातवी शिकलेली, आवाज खणखणीत. तिच्या मांडीवर वही होती ती मनकर्णेच्या नवऱ्याची, गहिनीनाथाची. त्यानं स्वतःचा जन्म लिहून काढला होता, आणि रोज भाकरी खाता खाता लंकाबाई तो बायांना वाचून दाखवायची.

सन त्र्याहत्तरचा चैत होता. शेवगावच्या पूर्वेला दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. विहिरींच्या तळाला भेगा पडलेल्या, आणि रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीनं सगळ्यांची पोटं बिघडलेली. गावंच्या गावं सडकेच्या कामावर खडी फोडत होती. गहिनीनाथही आला होता चार दिवस. पाचव्या दिवशी धुळीनं त्याचा दमा असा उसळला, की बाजेवर घालून घरी न्यावा लागला. तेव्हापासून तो दारात बसून लिहायचा. लिहायचा, खोकायचा, धोतऱ्याच्या पानांचा धूर घ्यायचा, परत लिहायचा.

गाव हसायचं. "लोकं जनावरं छावनीत जगिवत्यात आन् ह्यो वही भरतोय. आरं, तुजा जलम वाचनार कोन?"

मनकर्णा कुणाचं चालू द्यायची नाही. "तुमचा तरी कोन ऐकतंय?" म्हणायची. दिवसभर हातोडा हाणून तळहात सोलवटलेले असायचे, तरी बाजारातनं न चुकता त्याची शाई आणायची. आता खोटं कशाला बोला, नवऱ्याच्या मोठेपणासाठी ती हे करत नव्हती. तिला त्या वहीत बनू पाहिजे होती.

बनू तिची एकुलती एक पोर. पाच वर्षांची होऊन गेली, त्याला अठरा वर्षं झाली. त्यानंतर मनकर्णेची कूस उजवली नाही. लोकांनी गहिनीनाथाला दुसरी कर म्हणून लई सांगितलं, पण त्यानं केली नाही. मनकर्णेला अक्षर वाचता येत नव्हतं आणि त्याला वाचून दाखवायला दम पुरत नव्हता. "बनूचं लिवलं का?" एवढंच ती विचारायची. "लिवतोय, लिवतोय," तो म्हणायचा. वही भरली तसा म्हणाला, "लंकाबाईकडनं वाचून घे. लोकं काय म्हनत्यात, नीट ऐक."

पाच दिवसांत त्याचं लहानपण झालं, शाळा झाली, लग्न झालं. आज ते साल यायचं होतं. मनकर्णेनं भाकरी फडक्यातनं सोडलीसुद्धा नव्हती.

लंकाबाईनं पान उलटलं. "'त्या वर्षी पाऊसकाळ चांगला झाला. पोळ्याच्या दिवशी सकाळी आमचा हौशा आजारी पडला.'"

"हौशा कोन गं?"

"बैल आसंल. गप ऐक."

"'त्याचा घसा धरला. पाणी पाजले तर नाकातून बाहेर आले. मी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलो. त्याला मला काही सांगायचे होते, पण आवाज फुटत नव्हता. माझ्या धोतराचा सोगा त्याने तोंडात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. दिवेलागणीला त्याने मान टाकली. सोगा सुटेना, म्हणून आम्ही धोतर फाडले आणि तेवढ्या तुकड्यासह त्याला पुरले. असे मुके लेकरू देवाने कुणाला देऊन परत नेऊ नये.'"

पुढं दीड पान हौशाचंच होतं. त्याची चाल, त्याचे डोळे, हाक मारली की मान वळवायची त्याची रीत. बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. कुणाची बैलजोडी छावणीत मेली होती, कुणी परवाच खाटकाच्या दावणीला बांधून आली होती. एक तर हुंदकेच द्यायला लागली. "आई आई आई, काय लिवलंय गं मानसानं! काळीज कालवलं."

मनकर्णा तेवढी रडली नाही. ते धोतर तिनंच विळीवर फाडलं होतं. सोगा होता तो कुठल्या बैलाच्या तोंडात नव्हता, बनूच्या मुठीत होता. पाणी नाकातनं आलं ते बनूच्या. अख्खी बनू त्यात होती, आणि तिचं नाव कुठंच नव्हतं.

"आता म्होरचं साल हाय," लंकाबाई म्हणाली.

"मागं बग जरा. पान चिकटलं आसंल येखादं," मनकर्णा म्हणाली.

लंकाबाईनं पान बोटांनी चोळून पाहिलं. "न्हाई वं बाई. ह्या सालाचं एवढंच हाय."

तेवढ्यात त्यांच्याच गावची म्हातारी रंगुबाई बोलली, "काय गं मनकर्ना, तुमचा हौशा तर घोडेगावच्या बाजारात इकलेला ना? चांगलं ध्यानात हाय माज्या. पोळ्यानंतर पंधरा दिसांत गहिनीनाथानं दावं सोडलं."

सगळ्या बाया मनकर्णेकडं बघायला लागल्या. तिनं भाकरी उगीच मोडली.

"त्यो दुसरा, आत्या. हौशा घरीच गेला."

खोटं का बोलली, ते तिचं तिला कळलं नाही. साठ बायांत नवऱ्याला खोटं पडू द्यायला तिचं मन धजलं नाही, एवढंच.

संध्याकाळी घरी आली तर गहिनीनाथ दारात बाजेवर वाट बघत बसलेला. छातीचा भाता चाललेला, तरी डोळे लकाकत होते.

"ऐकलं का लोकांनी? रडलं का गं कोनी?"

"रडले की. लई रडले."

त्याच्या तोंडावर हसू आलं. लहान पोरासारखा खुलला गडी.

"बैलाला रडले," मनकर्णा म्हणाली आणि पाटी दाणकन खाली टाकली. "आन् माज्या बनूला कोन रडायचं वं? दोन पानं बैलाला दिली तुमी! तिला एक वळ न्हाई?"

त्याचं हसू गेलं. त्यानं उशी पोटाशी ओढली. मग म्हणाला, "तिचं नाव टाकलं की दम लागायचा. चार डाव लिवलं, चार डाव फाडलं. बैल म्हनून लिवाया घेतलं तवा कुटं हात चालला."

"बैल न्हवती ती! पोटची लेक हुती माजी! तिचा फोटू न्हाई, तिला भाऊ न्हाई, भन न्हाई. आपुन दोगं गेलो की बनू नावाची पोर हुती, हे ठावं आसनारं ऱ्हातं का कोनी? तेवढी ती वही हुती, तर तिच्यात बी तुमी बैल बांदला."

मनकर्णेनं उंबऱ्यावर बसकण मारली आणि दुपारपासून धरून ठेवलेलं रडू मोकळं सोडलं. गहिनीनाथाला उठून तिच्याजवळ यायचीही ताकद नव्हती.

"तिचं लिवायचं तर त्या दिसाचं समदं लिवावं लागंल," तो हळू म्हणाला.

"मंग लिवा की समदं! गाडी का जुंपली न्हाई, त्ये बी लिवा. कळू द्या लोकांस्नी."

अठरा वर्षांत त्या घरात गाडीचं नाव निघालं नव्हतं. ते आज निघालं. गहिनीनाथानं बायकोकडं बघितलं, चांगला वेळभर बघितलं.

"बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजार, म्हणून काम बंद. सकाळपासून तो वही मांडीवर घेऊन बसला. तिला वाटलं, काही विचारील, बनूच्या अंगात त्या दिवशी काय होतं. त्यानं एक शब्द विचारला नाही. ओळ लिहायचा, थांबायचा, उशी पोटाशी धरून धापा टाकायचा. मनकर्णेनं दोनदा धोतऱ्याची पानं पेटवून धूर दिला. दुपारी त्याचे ओठ निळे पडले तशी ती घाबरली.

"ऱ्हाऊ द्या आता. नगं मला. म्यां रागाच्या भरात बोलले."

त्यानं नुसता हात हलवला. ऊन कलल्यावर बैलाची दोन पानं वहीतनं फाडली, नवी दोन मधी घातली आणि सुई-दोऱ्यानं स्वतःच टाचली. वही तिच्या हातात देताना म्हणाला, "वाचून घे उद्या. बनू हाय आता."

त्या रात्री तो बसूनच झोपला.

दुसऱ्या दिवशी बाया परत बाभळीखाली जमल्या. लंकाबाईनं वही उघडली आणि थबकली. "आगं, हे पान बदललंय. पुन्हा लिवलंय."

"व्हय. तेच वाच," मनकर्णा म्हणाली.

"'त्या वर्षी पाऊसकाळ चांगला झाला. मला एकच मुलगी होती. तिचे नाव बनू.'"

बनू. अठरा वर्षांत ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून मनकर्णेनं ऐकलं नव्हतं. तिनं डोळे मिटून घेतले. लंकाबाई वाचत होती, नाकातनं आलेलं पाणी, मुठीतला सोगा, सगळं तसंच. पण आज एकही बाई रडत नव्हती. एकीनं मान खाली घातली, दुसरी मातीत रेघा ओढायला लागली. परवा हुंदके देणारी ती बाई तर मधीच म्हणाली, "नगं बया! बैलाचंच बरं हुतं. लेकराचं नगं वाचू. माजं आखाडात गेलंय."

"वाच तू," मनकर्णा म्हणाली. तिला त्या बाईची दया आली, पण ती मागं हटली नाही.

"'पोळ्याच्या दिवशी सकाळी तिचा घसा धरला. ओढ्याला पाणी होते, रस्त्यात गुडघाभर चिखल. गाडीशिवाय शेवगावचा दवाखाना गाठता येत नव्हता. माझी पत्नी मनकर्णा म्हणाली, गाडी जुंपा. मी म्हणालो, आज बैलांचा सण आहे, आज त्यांच्या खांद्यावर जू ठेवणार नाही. तिने माझे पाय धरले. मी ऐकले नाही. मुलगी माझ्या हट्टापायी गेली. यात दोष सर्वस्वी माझा आहे. पुढे तो बैल डोळ्यांसमोर नको म्हणून मी विकून टाकला.'"

बाया खवळल्या. इतका वेळ तुंबलेलं सगळं बाहेर पडलं.

"कसला बाप म्हनायचा गं ह्यो!"

"मुडद्याला पोरीपरीस बैल मोठा!"

"म्हनून धरलंय दम्यानं. उगं न्हाई धरलं."

"आन् तू त्याला खडी फोडून खाऊ घालतीस, मनकर्ना? धन्य हाय तुजी!"

रंगुबाईनं मनकर्णेच्या पाठीवरनं हात फिरवला. "पोरी, एवढं गिळून बसलीस व्हय गं आजपतूर?"

मनकर्णेनं तो हात बाजूला सारला. बनू वहीत आली होती. मागितलं होतं ते मिळालं होतं. आणि घरी तो माणूस उशी पोटाशी धरून एकेक श्वास मोजत बसला असेल, लोकं काय म्हणतात ते ऐकायला.

"थांबा," ती म्हणाली. "शिव्या नगा देऊ त्यास्नी. खोटं हाय ते."

"काय खोटं हाय?"

"पाय धरले त्ये खरं. माजी चूक झाकायला बाकीचं खोटं लिवलंय त्यांनी." तिनं मांडीवरची भाकरी खाली ठेवली. "त्ये जू घेऊन निगाल्ते गोठ्याकडं. म्यां दारात आडवी पडले. म्यां म्हनले, आज देवाचं बैल हायेत, आज जू ठिवलं तर माज्या पोरीलाच बाधंल. उद्या तांबडं फुटायला न्या, आज नगं. त्ये म्हनत हुते, सोड, सोड. म्यां पाय सोडलं न्हाई. अठरा वर्सं झाली, पन येका शब्दानं बोलले न्हाईत मला. आन् म्यां परवा त्यास्नीच म्हनले, गाडी का जुंपली न्हाई त्ये लिवा."

तिकडं छगन मुकादमानं कामाची शिट्टी मारली. रंगुबाई त्याच्यावर ओरडली, "थांब रं मुडद्या! खडी कुटं पळून चाललीय का?"

लंकाबाईनं पोरांच्या हजेरीचं पेन केसांतनं काढलं. "ह्ये खोडू का मी?"

"नगं. त्यांनी लिवलंय, त्येला हात लावू नगं." मनकर्णेनं पदरानं तोंड पुसलं आणि तिच्याजवळ सरकून बसली. "त्याच्याखाली जागा हाय का? हाय ना? मंग लिव. म्यां मनकर्ना सांगते. त्या दिशी सकाळी म्यां पुरन वाटत हुते. बनू आली आन् म्हनली, आई, माजा घसा दुकतोय."