एकशे पन्नासची रेघ

जब्बार अत्तार यांनी आयुष्यभर पाणी मोजलं. बत्तीस वर्षं ते धरणावर नोकरीला होते. रोज सकाळी आठला मोजपट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं, वहीत आकडा लिहायचा आणि आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं टिंब काढायचं. निवृत्त होऊन शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आले, तेव्हा मोजायला पाणी उरलं नाही. मग त्यांनी लेकीचे मार्क मोजायला घेतले.

"पाणी मोजणाऱ्याला दिलं मला बापानं," त्यांची बायको बिलकिस म्हणायची, "पण माझी तहान काही यांनी कधी मोजली नाही."

लेक म्हणजे नजमा. सहा वर्षं परदेशात, बिश्केकला राहून, बर्फात पाय गोठवून एमबीबीएस होऊन आली होती. पण बाहेरून शिकून आलेल्याला इथे एक परीक्षा द्यावी लागते. तीनशे मार्कांचा पेपर, दीडशे मिळाले तर डॉक्टर, एकशे एकोणपन्नास मिळाले तर कुणी नाही. वर्षातून दोनदा परीक्षा, आणि कितीही वेळा बसा. ही सवलत म्हणायची की शिक्षा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

जब्बारमियाँनी आलेखाचा कागद कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं चिकटवला होता. एकशे पन्नासवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. पहिल्या खेपेला एकशे बारा, दुसऱ्या खेपेला एकशे एकोणीस, तिसऱ्या खेपेला एकशे सोळा. तिसरं टिंब काढून त्यांनी कपाट बंद केलं. त्या दिवशी जेवणात त्यांनी भाकरी अर्धीच घेतली, आणि ती अर्धी भाकरी नजमाला तीनशे मार्कांपेक्षा जड गेली.

चौथ्या खेपेला ती हडपसरच्या केंद्रावर गेली. हातात हॉलतिकीट होतं, अभ्यासही झाला होता. फाटकातून मुलं-मुली आत जात होती, त्यांच्यातली निम्मी तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. पहारेकऱ्यानं विचारलं, "मॅडम, आत जाताय ना?" तर तिच्या तोंडून "नाही" गेलं. कुठून आला तो शब्द, ते तिला आजही सांगता येत नाही. पेपर सुटेपर्यंत ती समोरच्या बसथांब्यावर बसून राहिली आणि सगळ्यांबरोबर घरी आली.

महिन्याभरानं अब्बांनी पेन्सिलीला टोक काढून विचारलं, "किती?"

"एकशे चोवीस," नजमा म्हणाली.

अब्बांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते धरण भरल्यावर उमटायचं. तिला ते परत बघायचं होतं. म्हणून सहा महिन्यांनी एकशे एकोणतीस झाले, मग एकशे तेहतीस, अडतीस, एक्केचाळीस, पंचेचाळीस. परीक्षेच्या दिवशी ती डबा घेऊन बाहेर पडायची आणि वाघोलीला जायची. वाघोलीत ती एका क्लासमध्ये नोकरीला होती. तो क्लास याच परीक्षेचा, म्हणजे दैवानं थट्टा करावी तर किती करावी. सराव परीक्षांचे पेपर तपासायचे आणि मुलांचे मार्क फळ्यावर मांडायचे, हे तिचं काम. शेकडो मुलांचे चढउतार तिला तोंडपाठ होते. पास झालेली मुलं पेढे घेऊन यायची, वाकून पाया पडायची. ती पेढा खायची, आशीर्वाद द्यायची, आणि बसमध्ये खिडकीशी बसून दवाखान्यांच्या पाट्या वाचत यायची. कुणीतरी पोटावर हात ठेवून "इथे दुखतंय" म्हणावं आणि तिनं नेमकं तिथे बोट दाबून बघावं, एवढंच तिला हवं होतं. ते हवंपण तीन वर्षांत तसूभर कमी झालं नव्हतं. फाटकाची भीतीही नाही.

खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई जिन्यात गाठायच्या. "काय डॉक्टरीणबाई, आमचा ताप तुमच्या हातून उतरायचाय, का आमचा आम्हीच उतरवू?" पुण्यात याला चौकशी म्हणतात.

अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकशे तेहतीसच्या सुमारास त्यांना आलेखावरच्या बारीक चौकटी दिसेनाशा झाल्या. तेव्हापासून टिंब नजमा काढायची आणि त्यांचं बोट धरून त्यावर ठेवायची. स्वतःचं खोटं स्वतःच्या हातानं मांडायचं आणि बापाच्या बोटाला चाचपायला लावायचं. अत्तारांच्या घरात अत्तर नव्हतं, पण त्या क्षणी तिला स्वतःचाच वास यायचा.

"अब्बा, डोळे दाखवू या," ती दर महिन्याला म्हणायची.

"दाखवायचेत ना. माझी डॉक्टर मला घेऊन जाईल तेव्हा दाखवायचेत." ते हसून कपाटाकडे बघायचे, कपाटाच्या किंचित डावीकडे. "टिंबांना पट्टी लावून बघ. यंदा एकोणपन्नास, फार तर पन्नास. आता किती दिवस राहिलेत?"

पट्टी लावायची गरज नव्हती. रेघ सरळ लालकडे चालली होती. तिनंच काढली होती.

त्या डिसेंबरात अब्बा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळून पडले. हाड मोडलं नाही, कपाळाला खोक पडली. नजमानं ती धुतली, पट्टी बांधली, आणि बॅटरी घेऊन डोळ्यांत बघितलं. बाहुल्या दुधासारख्या झाल्या होत्या. मोतीबिंदू पार पिकला होता, आणखी थांबलं तर आत दाब वाढणार होता. एवढं तिला कुठल्याही परीक्षेशिवाय कळत होतं. आपण वाट बघायला लावतोय आणि या माणसाची नजर त्या वाटेतच चाललीय, हेही कळत होतं.

दुपारी बिलकिस बाजारात गेली होती. नजमा अब्बांच्या खाटेशी खाली बसली.

"अब्बा, शेवटचे खरे मार्क एकशे सोळा आहेत."

अब्बा उशीला टेकून उठून बसले.

"त्यानंतर मी बसलेच नाही. एकदाही. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. पुढचे सगळे आकडे माझ्या मनचे."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"आमच्याकडे सर्जेराव म्हणून होता," मग अब्बा म्हणाले. "पावसाळ्यात धरणावर यायचाच नाही. घरी बसून आकडे लिहायचा. मी त्याचा कागद बघितला आणि साहेबांना म्हणालो, हा खोटं लिहितो. कसं ओळखलं, साहेबांनी विचारलं. म्हटलं, फार सरळ चढतोय. पाणी असं चढत नाही. चार बोटं चढतं, दोन उतरतं."

नजमानं मान वर केली. "मग माझे आकडे?"

"तुझेही सरळच होते, बेटा." त्यांनी कपाळाच्या पट्टीवरून हात फिरवला. "सर्जेरावाचं ओळखायचा मला पगार मिळत होता. तुझं ओळखायचं नव्हतं मला."

ती रडली. ते तिला गप्प हो म्हणाले नाहीत, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. बिलकिस परत आली तेव्हा दोघं चहा पीत होते. जब्बारमियाँ म्हणाले, "उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय. नजमा नेणार आहे."

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. डॉ. हेमा म्हणून पाटी होती दारावर. तिनं अब्बांची हनुवटी यंत्राच्या टेकूवर ठेवली, आत प्रकाश टाकून बघितलं, कागदावर भराभरा लिहिलं. "दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागेल, बाबा. खूप उशीर केलात. आधी उजवा, महिन्याभरानं डावा. इथे सही करा."

अब्बांनी सहीसाठी हात पुढे केला नाही. ते आवाजाच्या दिशेनं वळले, आणि मग खुर्ची फिरवून नजमा उभी होती तिकडे तोंड केलं.

"या म्हणतात ते बरोबर आहे?"

"बाबा, डॉक्टर मी आहे," हेमा म्हणाली. दाराबाहेर बारा पेशंट बसले होते.

"हो हो, आपण आहातच," अब्बा अगदी अदबीनं म्हणाले. "आपल्याला कोण नाही म्हणतंय? मी हिला विचारतोय."

हेमानं नजमाकडे बघितलं, खांदे उडवले आणि कागद तिच्या हातात दिला. नजमानं तो घाई न करता वाचला. दाबाचा आकडा दोनदा बघितला, साखरेची तपासणी झालीय का ते विचारलं, हेमानं झाली म्हणून सांगितलं. अब्बा तोंड वर करून बसले होते. दुधाळ डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तरी ते तिच्याकडेच लावलेले होते, आणि ती बोलेपर्यंत ते हलणार नव्हते.

"बरोबर आहे, अब्बा," ती म्हणाली. "आधी उजवा करू."

"मग कर," ते म्हणाले, आणि पेनासाठी हात पुढे केला.