सेलूच्या जाळीला आलेले पत्र

मित्रांनो, जाळीला कधी कुणी पत्र लिहिते का? मला एक आले होते, आणि त्याचे उत्तर कितीतरी महिने राहून गेले. मी एक जुनी टेनिसची जाळी आहे. मला हात नाहीत. असते तरी मी लिहिले असते की नाही, कोण जाणे. चारचौघांत बोलायला मी पहिल्यापासून बिचकते. पण जे पाहिले ते फार चांगले होते, म्हणून धीर करून सांगते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. अंगाला काळा दोरा आणि डोक्यावर पांढरी पट्टी. सेलूला एका जिनिंगच्या मागे मुरमाचे मैदान होते, तिथे मला बांधले. कापसाच्या दिवसांत रुई उडत येई आणि माझ्या चौकोनी घराघरांत अडकून बसे. तेव्हा सकाळी मी पिकल्या केसांच्या आजीसारखी दिसे.

मैदान झाडणाऱ्या तानुमावशी मला सांभाळत. मी फाटले की सुतळीने गाठी मारत. खेळ शिकवायला माणिकराव सर होते, पण पंच कुणीच नव्हता. म्हणून मावशींनीच कायदा केला होता.

"जी जाळीला शिवंल, तिनं आपल्या तोंडानं सांगायचं, पॉइंट सोडायचा, अन् सैल झालेली गाठ आपल्याच हातानं आवळायची. मी न्हाई तुमची नौकर!"

सुकेशनी आणि राजनंदिनी या कायद्यातच वाढल्या. सुकेशनी सोनपेठची, शिकायला मामाकडे आलेली. राजनंदिनी सेलूच्याच कापूस व्यापाऱ्याची मुलगी. सुकेशनीची सर्व्हिस अशी, की चेंडू माझ्यावरून जाताना वारा लागे. राजनंदिनी माझ्याजवळ उभी राहून चेंडू हवेतच टिपायची. एकेरीत खेळाडूला फक्त समोर पाहावे लागते. दुहेरीत पाठीमागची मैत्रीण न पाहता ओळखावी लागते. या दोघींना ते जमले होते. "एका जुवाची जोडी हाय, पण दोघीबी मारक्या," असे मावशी म्हणायच्या.

मग परभणीला महिलांची व्यावसायिक स्पर्धा भरली. देशोदेशीच्या खेळाडू आल्या. दुहेरीत आमच्या दोघींना यजमान जोडी म्हणून प्रवेश मिळाला. तिथली एक जाळी उंदरांनी कुरतडली होती, म्हणून मला टेम्पोत घालून नेले. माझ्या सुतळीच्या गाठी पाहून लोक हसतील, या भीतीने मी वाटभर आकसून गेले होते. कुणी हसले नाही.

समोर एक थायलंडची आणि एक चेन्नईची, दोघी नावाजलेल्या. आमच्या मुलींनी पहिला सेट गमावला आणि दुसरा खेचून आणला. दुहेरीत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा, पण दोनच्या फरकाने जिंकायचा टायब्रेक असतो. त्यात आमच्या मुली नऊ-आठ अशा पुढे होत्या. एक गुण मिळाला की सामना जिंकला.

एक गोष्ट सांगायची राहिली. राजनंदिनी रोज केसांचा घट्ट आंबाडा घालून खेळे. त्या दिवशी तिच्या आईने, राजेश्रीताईंनी, जरीकाठाची नवी हिरवी रिबीन लावून लांब वेणी घातली होती. "पेपरात फोटो येतेत, जरा नीट दिसू दे," म्हणाल्या होत्या.

राजनंदिनी झेपावली. चेंडू तिने असा टिपला, की समोरच्या दोघी नुसत्या पाहत राहिल्या. लोक उभे राहिले. सुकेशनी रॅकेट टाकून धावली. आणि राजनंदिनीने पंचांकडे पाहून हात वर केला.

"मॅडम, माझी वेणी जाळीला लागली. चेंडू खेळात होता."

कुणीच पाहिले नव्हते. पंचांनीही नाही. पण नियम तोच. अंगावरचे काहीही लागले, तरी गुण जातो. नऊ-नऊ झाले. पुढचे दोन्ही गुण समोरच्यांनी घेतले.

हस्तांदोलन झाल्यावर सुकेशनी माझ्याजवळ थांबली. तिचा आवाज चिरकत होता.

"येडी हाईस का गं तू? कुणी बघितलं होतं?"

"मला लागल्यागत झालं."

"झालं म्हणं! वारा आसंल. तुला लय चांगलं व्हायची हौस, अन् हरायचं आमी!"

"सुके, आपला कायदा..."

"शिवली आसती तर मीच हात वर केला आसता. शिवलीच न्हाई!"

त्या दिवसापासून दोघी बोलल्या नाहीत. सुकेशनी सरावाला मोठ्या शहरात गेली. राजनंदिनी सेलूच्या मैदानावर भिंतीशी एकटीच खेळू लागली. मैदानाला नवी जाळी मिळाली आणि मला कोठीत टाकले.

तिथेच ते पत्र आले. माणिकराव सरांनी दारात उभे राहून मोठ्याने वाचले.

"जाळीबाईस, कुणाला इचारू? माणसं तिची तरी बाजू घेतील न्हाईतर माझी. तू खरं सांग. वेणी लागली होती का? लागली आसंल तर मी तिला फोन करीन, पुढच्या स्पर्धेला दोघींचं नाव देईन. न्हाईतर मला दुसरी जोडीदार बघावी लागंल. तुझी सुकेशनी."

"आता जाळी काय बोलणार, सर?" मावशी म्हणाल्या.

सरांनी पत्र माझ्या घडीत खोचले आणि दार लोटले. मित्रांनो, मला सारे ठाऊक होते. माझ्या मधोमध, पांढऱ्या पट्टीशेजारच्या एका गाठीत उत्तर अडकून बसले होते. पण रात्री कुरतडणारे उंदीर फिरत, आणि मी नुसती वाट पाहत होते.

अखेर एके दिवशी मावशींनी मला ओढून बाहेर काढले. भिंतीलगत दोडक्याचा वेल चढवायला मी बरी होते. गाठी सोडता सोडता त्या थबकल्या.

"सर, ओ सर! इकडं या की!"

गाठीत एक लांब केस होता, आणि त्याला गुंडाळलेला जरीचा हिरवा धागा. ती रिबीन राजनंदिनीने त्या एका दिवसाशिवाय कधीच लावली नव्हती.

मावशींनी गाठ सोडली नाही. विळ्याने तेवढा तुकडाच कापला. दुखले, पण बरे वाटले. सरांनी पाकिटावर पत्ता घातला. "आत काय लिहू?"

"काई नगं. ही गाठ सुकीनंच मारलेली हाय. तिला वळखू यील."

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा तिच्या गाठी चाचपून पाहत जा. तिच्यापाशी कुणाचे तरी खरे राहिलेले असते.

मी आता भिंतीवर आहे. तिथून रस्त्यापलीकडची टपालपेटी दिसते. सरावाहून घरी निघालेल्या राजनंदिनीच्या हाती सरांनी ते पाकीट दिले. "जाता जाता पेटीत टाक."

पेटीपाशी ती थांबली. तिने नाव वाचले. आतली गाठ अंगठ्याने चाचपली. मग वळून तिने एकदा मावशींकडे पाहिले. मावशी दोडक्याला पाणी घालत होत्या.

राजनंदिनीने पाकीट पेटीत टाकले.