पाच लुगड्यांचं बिल

पोरांनो, जरा अशी कल्पना करा. तुम्ही दिवसभर बसून एक चित्र काढलं आहे. बोटांवरचा रंगही अजून वाळलेला नाही. आणि कोणी दारात उभं राहून म्हणतं, "हे विकत कुठून आणलंस त्याची पावती दाखव. नाही तर हे नकली." काय सांगाल त्याला?

टांडापेठेतल्या आपल्या घरी नत्थूजी पराते नेमके याच प्रश्नापुढे बसले होते. पाय हातमागाच्या खड्ड्यात, आणि माग रिकामा. सून शामला मोबाइलवरचा निरोप तिसऱ्यांदा वाचून दाखवत होती. सासऱ्यांनी विणलेली करवती काठाची, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाची, लुगडी ती ज्या ऑनलाइन बाजारात विकायची, त्या बाजारानं तिचं खातं एकवीस दिवसांपूर्वी बंद केलं होतं. माल अस्सल असल्याचा पुरावा नाही, एवढंच कारण. विकल्या गेलेल्या पाच लुगड्यांचे एकेचाळीस हजार रुपयेही अडकवून ठेवले होते. त्या पैशांतून पुढचा कोसा, म्हणजे लुगड्यांचं रेशीम, यायचा होता. तो आला नाही, तर सोमवारपासून नत्थूजी बर्डीच्या बाजारातल्या पार्किंगवर चिठ्ठ्या फाडायला जाणार होते. तसं बोलणंही झालं होतं.

"सुताचं बिल पाठवलं होतं ना वं?"

"पाठवलं, मामाजी. ते म्हणते, बिलावरचा माल वेगळा अन् विकलेला माल वेगळा."

"वेगळा राहीनच ना! सूत घेतलं, लुगडं विकलं. मधले नऊ-नऊ दिवस मी काय झोपून राहिलो होतो?"

"तसंच लिहिलं मी. मागाचा फोटो टाकला, तुमचाबी टाकला. एका मिनटात उत्तर आलं, पुरवठादाराचं बिल जोडा."

"एका मिनटात? मंग वाचलं कवा त्यानं?"

"वाचणारं कोणी नसतेच तिथं, मामाजी."

नत्थूजी खड्ड्यातून उठले. ओट्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. आजवर ते सूतवाल्याशी भांडले होते, वीजवाल्याशी भांडले होते, विणकर सोसायटीच्या सेक्रेटरीला तर भर सभेत खाली बसवलं होतं. त्या प्रत्येकाला तोंड होतं. आता मुठी वळल्या होत्या आणि समोर कोणीच नव्हतं.

"शालिकराम शेठ देतील बिल," शामला हळूच म्हणाली. "पाच साड्या तुम्ही त्यांच्याकडून घेतल्या, असं. सारेच करून राहिले."

"माझं लुगडं मी त्याच्याकडून घेतलं?"

"कागदावर फक्त."

नत्थूजींनी मागाच्या फणीवरची धूळ बोटानं पुसली. मग खुंटीवरची टोपी घेतली.

इतवारीच्या बाजारात शेठचं साड्यांचं दुकान होतं. सोबत शामला आणि शाळेतून परस्पर आलेली पायल, दप्तरासकट. ही नत्थूजींची नात, सहावीतली. करवती काठाला दोन माणसं लागतात. रविवारी आईच्या जागी मागाच्या दुसऱ्या बाजूला बसून आजोबांकडं आडव्या धाग्याचा धोटा परत फेकणारी तीच.

शेठ मनाचे वाईट नव्हते. त्यांनी चहा सांगितला, बिलबुक उघडलं, कार्बन सारखा केला.

"करवती साडी, नग पाच. तारीख मागची टाकतो. टेन्शन नका घेऊ, नत्थूजी, दोन दिवसांत पैसे सुटते का नाही पाहा."

"खोटं बिल दिल्याशिवाय माल खरा होत नाही. गजबच आहे गा."

"दुनियाच तशी आहे. घ्या, इथं सही करा. घेणाऱ्याची."

नत्थूजींनी पेन घेतलं. डोळे मिटून तीन धोट्यांच्या धाग्यांची गाठ सोडवणारी ती बोटं, एका सहीसाठी कागदावर टेकेनात. शामला दुसरीकडं पाहू लागली. चहावर साय धरली.

"शेठजी," पायल बिलावर वाकून म्हणाली, "आबाजीनं ह्या तुमच्याकडून घेतल्या. मंग तुम्ही कोणाकडून घेतल्या?"

शेठ हसले. "अवं पोरी, मले कोण विचारते?"

"मी विचारून राहिली ना."

"पायल, चूप बस," शामला म्हणाली.

"काहून चूप बसू? आबाजीले विचारते, यायले काहून नाही विचारत?"

शेठ हसायचे थांबले. त्यांनी नत्थूजींकडं पाहिलं. ते पोरीला रागावतील, म्हणून थोडं थांबले. नत्थूजींनी पेन गल्ल्यावर ठेवून दिलं.

पायलनं दप्तर उघडलं. कंपासपेटीतून पट्टी काढली. बिलावर चार रकाने छापलेले होते, माल, नग, दर आणि रक्कम. रकमेच्या पुढं थोडी कोरी जागा होती. तिथं पट्टी दाबून धरत तिनं वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली.

"अवं, खराब होईन ना ते बिल! चालणार नाही मंग!" शेठ ओरडले.

तिनं वर पाहिलं नाही. नव्या रकान्याच्या डोक्यावर, छापील अक्षरांएवढ्याच अक्षरात, तिनं लिहिलं, 'विणणारा'. मग बिलबुक आजोबांकडं फिरवलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.